काडेचिराईत गोड लागलं तेव्हा

१

सुभद्राच्या घरात सकाळी कोणालाही आधी चहा मिळत नसे. आधी काडेचिराईत, मग चहा.

चाळ पाडून तिच्याच जागी उभ्या राहिलेल्या काळाचौकीच्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर राहायला आल्यापासून घरातलं बरंच काही बदललं होतं. मोरी गेली, पोटमाळा गेला, दिवसभर उघडं असणारं दार आता दिवसभर बंद राहू लागलं. काडेचिराईत मात्र सामानाबरोबर आलं आणि तसंच राहिलं. रात्रीची भांडी आवरली की सुभद्रा मूठभर वाळक्या काड्या मोडून टोपात टाकायची, पाणी ओतायची आणि वर ताटली झाकायची. सकाळी ते पाणी गाळून चार पेल्यांत भरायची. दिसायला कोऱ्या चहासारखं, पण जिभेला लागलं की माणूस पायाच्या अंगठ्यापर्यंत शहारायचा.

ही शिस्त सासऱ्यांची. गिरणीत असताना त्यांना कोणा वैद्याने सांगितलं होतं, रक्त शुद्ध राहतं म्हणून. सासरे गेले, गिरणी गेली, तरी सासूबाईंनी, आनंदीबाईंनी, ती शिस्त मोडू दिली नाही. स्वतः पहिला पेला घ्यायच्या आणि घेताना रोज नवऱ्याच्या नावाने खडे फोडायच्या.

"आपण सुटलो आणि ह्या जहर माझ्या गळ्यात बांधून गेलो मेलो!"

मग डोळे गच्च मिटायचे, ओठांचा चंबू व्हायचा आणि हात आपोआप मिठाच्या बरणीकडे जायचा. चिमूटभर मीठ जिभेवर पडलं की दिवसाची भांडणं सुरू करायला त्या मोकळ्या.

त्यांच्यानंतर राजेश, सुभद्राचा नवरा. तो नाक दाबून एका दमात प्यायचा आणि खांदे उडवायचा. लेक मनवा नुकतीच नोकरीला लागली होती. ती पेला हातात घेऊन घरभर फिरायची. "मम्मी, आजच्या दिवस नको ना गं. हा छळ आहे, शपथ!"

सुभद्रा शेवटी प्यायची. तिला नाक दाबावं लागत नसे की मीठ लागत नसे. गिळायची सवय तिला पहिल्यापासून होती.

त्या सोमवारी आनंदीबाईंनी पेला तोंडाला लावला आणि लगेच खाली ठेवला नाही. सावकाश, चव घेत घेत संपवला. पदराने ओठ टिपले.

"आज गोड लागता गो," त्या म्हणाल्या. "असला तर वाईच अजून दी."

२

राजेश हसला. "काय गं, साखर घातलीस की काय?"

सुभद्राने उरलेलं बोटावर घेऊन चाखलं. नेहमीसारखंच कडूजहर होतं. तीही हसली, पण हसताना तिला एक जुनी गोष्ट आठवली.

ती लहान असताना, कणकवलीजवळच्या गावात, दगडू नावाच्या गड्याला भातशेतात पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता. लोकांनी त्याला अंगणात बसवलं आणि कडुनिंबाचा पाला खायला दिला. दगडू पाला चघळत राहिला, विड्याचं पान चघळावं तसा. "गोड लागता रे," असं म्हणून हसला. जमलेल्या बायांनी तोंडाला पदर लावले. छोट्या सुभद्राला कळेना, माणूस हसतोय तर या रडतात का. दिवेलागणीला दगडू गेला तेव्हा तिला कळलं, विष चढलं की कडू गोड लागतं.

पण इथे चौदाव्या मजल्यावर कसला साप? तिने स्वतःची समजूत घातली. म्हातारपणी जिभेची चव जाते. मागच्याच आठवड्यात सासूबाईंना ताप येऊन गेला होता. काड्या नव्या आणल्या होत्या, एखादी जुडी निसत्त्व निघाली असेल.

तरी तिला राहवेना. त्याच मजल्यावर समोर कुशाबा राहायचे. चाळीत असल्यापासूनचे शेजारी, जन्मभर बेस्टमध्ये कंडक्टर. सुभद्रा पेला घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

"भाऊजी, जरा चव बघता? जुनाट लागतंय का?"

कुशाबांनी विश्वासाने घोट घेतला आणि तसाच सिंककडे धावले.

"वहिनी!" आतून आवाज आला. "कसला सूड उगवताय? दिवाळीला फराळ नाही पाठवला म्हणून?"

म्हणजे पाणी कडूच होतं. मग बदललं काय होतं?

३

पुढचे काही दिवस खरं सांगायचं तर सुभद्राला बरे वाटले.

आनंदीबाई भाजीला नावं ठेवीनात. कपडे वाळत घालण्यावरून, पंख्याच्या स्पीडवरून, गॅस मोठा ठेवण्यावरून काही बोलेनात. "बरा झाला हा," एवढंच म्हणायच्या आणि ताटात वाढलेलं अर्धं ठेवून उठायच्या. धाकट्या दिराशी त्यांनी कित्येक वर्षं बोलणं टाकलं होतं, त्याच्या मुलाच्या लग्नात मानाचं लुगडं नेसवलं नाही म्हणून. त्यालाही त्यांनी स्वतःहून फोन लावला.

"माझ्या मनात आता काय नाय हा भाऊ," त्या म्हणाल्या. "कोणाबद्दल काय्येक ऱ्हवला नाय."

सुभद्रा तेव्हा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. वाक्य चांगलंच होतं. पण ते ऐकताना तिला वाटलं, कोणीतरी घर रिकामं करतंय.

घरातला आवाज गेला होता. चाळीत कधी शांतता नव्हती आणि इथे आल्यावर ती सासूबाईंच्या तोंडाने भरून निघत होती. आता दुपारी बसलं की लिफ्ट वरखाली होताना भिंतीतून येणारी घरघर ऐकू यायची. फ्रीज मध्येच थरथरून बंद व्हायचा आणि त्यानंतर जे उरायचं ते ऐकवत नसे. आनंदीबाई दिवाणावर पडून असायच्या. झोपेतही त्यांच्या ओठांवर हसू असायचं, कोणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखं.

सुभद्रा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नाडी, बीपी, साखर सगळं पाहिलं.

"सगळं ठीक आहे हो काकू. थोडा अशक्तपणा आहे. चव बदलते तापानंतर." मग आनंदीबाईंकडे बघून म्हणाले, "या वयात इतका शांत स्वभाव! नशीबवान आहात तुम्ही."

"यांचा स्वभाव शांत नाही हो डॉक्टर," सुभद्रा कळवळून म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं, सून तक्रार करतेय.

त्याच आठवड्यात राजेशने नाक न दाबता पेला संपवला.

"अगं, आई म्हणते ते खरंय," तो म्हणाला. "उसाच्या रसासारखं लागतंय."

राजेशचं सोसायटीच्या सेक्रेटरीशी लिफ्टवरून भांडण चालू होतं. रोज रात्री तावातावाने तेच बोलायचा. त्या रात्री तिने मुद्दाम विषय काढला, तर म्हणाला, "असू दे गं. काय फरक पडतो." आणि जेवण अर्धं ठेवून उठला.

४

मग स्वयंपाकघरातलं सुरू झालं.

सुभद्रा भांडी घासून ओटा कोरडा करून ठेवायची. बाजारातून परत यावं तर ओट्यावर पेल्याच्या बुडाचं ओलं वर्तुळ असायचं. मिठाच्या बरणीचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं. आता पेल्यानंतर मीठ तर घरात कोणाला लागतच नव्हतं.

मीच ठेवलं असेल उघडं, ती स्वतःला म्हणायची. वय झालं, विसरायला होतं. ओलं वर्तुळ तरी काय, भिजवलेल्या टोपाला बाहेरून घाम येत असेल. एकदा तिला वाटलं, आत कोणी पुटपुटतंय. पण इमारतीच्या पाइपमधून वरच्या मजल्यावरचे आवाज उतरतात, हे कुशाबांनीच तिला सांगितलं होतं. या सगळ्याला कारण होतं. फक्त इतकी सगळी कारणं एकाच घरात कशी आली, याला नव्हतं.

तिने काडेचिराईत भिजवणं बंद करून पाहिलं. त्या सकाळी आनंदीबाई उठल्याच नाहीत. हाक मारली की डोळे उघडायच्या, हसायच्या आणि पुन्हा मिटायच्या. घाबरून तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा टोप भरला. पेला घेतल्यावर त्या उठून बसल्या, पण पूर्वीसारख्या नाहीत. जशी एखादी पिशवी उभी करून ठेवावी तशा.

आणि त्याच सकाळी मनवाने पेला तोंडाला लावला. घरभर फिरली नाही. कुरकुरली नाही.

"छान आहे गं मम्मी."

सुभद्राने घाईने आपला पेला चाखला. तो कडूजहरच होता.

मनवाला बंगळुरूला बदली मिळत होती. महिनाभर त्यावरून मायलेकींचं वाजत होतं. मनवा दारं आपटायची, "माझं आयुष्य आहे!" म्हणून ओरडायची. आता ती पर्स खांद्याला लावत म्हणाली, "बंगळुरूचं मी नाही कळवून टाकते. तू म्हणशील तसं."

हेच तर सुभद्राला हवं होतं. लेक डोळ्यांसमोर राहणार होती. पण मनवाच्या चेहऱ्याकडे बघताना तिला अंगणात बसलेला दगडू दिसला. पाला चघळणारा, हसणारा.

"तब्येत बरी आहे ना गं?"

"एकदम मस्त," मनवा म्हणाली आणि दार इतकं हळू ओढून घेतलं की कडी लागल्याचा आवाजही आला नाही.

५

त्या दिवशी सुभद्राने सकाळीच पुन्हा टोप भरला आणि ओट्यावर ठेवला. राजेश आणि मनवा कामावर. आनंदीबाई दिवाणावर निजलेल्या. सुभद्रा त्यांच्या पायाशी बसून राहिली, दाराकडे तोंड करून. बाहेर लख्ख दुपार होती. खालच्या रस्त्यावर कोणीतरी ढोल दुरुस्त करून वाजवून बघत होतं, थांबत होतं, पुन्हा वाजवत होतं.

ढोल थांबला तेव्हा तिला आतून ताटली सरकल्याचा आवाज आला.

मग घोट. कडू पिताना माणूस घाईने घेतो तसा, मोठा, अडखळत घेतलेला. आणि पाठोपाठ दातांतून ओढलेला श्वास.

सुभद्राने आनंदीबाईंच्या पावलावर हात ठेवला. पाऊल गार होतं. छाती हलत होती. त्या इथे होत्या, तिच्या हाताखाली.

आतून दबक्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "आपण सुटलो आणि ह्या जहर..."

ती उठली. स्वयंपाकघराच्या चौकटीशी पोचली आणि तिने आत पाहिलं.

ओट्याशी एक म्हातारी बाई पाठमोरी उभी होती. तोच बारीक अंबाडा, तेच वाकलेले खांदे. खांदे शहारत होते. हात मिठाच्या बरणीत चाचपत होता. तिच्यापलीकडे, फ्रीज आणि भिंतीच्या फटीत, जिथे माणूस मावणार नाही अशा जागेत, कोणी उंचसं, नाक चिमटीत धरून, आपल्या पाळीची वाट बघत होतं. आणि त्याच्याही मागे, खिडकीच्या उजेडात धड न दिसणारं कोणी, हातात पेला घेऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतं.

म्हातारीने मान थोडी वळवली. सुभद्राला अर्धा गाल दिसला, ओठांचा चंबू, गच्च मिटलेला डोळा आणि त्यातून आलेलं पाणी. भीती वाटावी असं त्या चेहऱ्यात काही नव्हतं. घरातून बाहेर काढलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

खाली ढोल वाजला. सुभद्राची पापणी लवली.

ओटा रिकामा होता. ओलं वर्तुळ होतं. झाकण बाजूला होतं.

६

ती किती वेळ चौकट धरून उभी होती कोणास ठाऊक. तिला काही समजलं नव्हतं. एवढंच वाटत होतं की भांडणारी सासू आत आहे आणि बाहेर दिवाणावर जे हसतंय ते तिच्याशिवाय फार दिवस टिकणार नाही.

ती बाहेर आली. आनंदीबाई जाग्या झाल्या होत्या.

"बस गो बाय," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "दमलंस."

"आई," सुभद्रा म्हणाली. सासूला उलट बोलायची तिची ही पहिलीच वेळ. "माझी आई गेली तेव्हा तुम्ही तिसऱ्या दिवशी फोन केलात. म्हणालात, लेकीचं सुतक तीन दिवसांचं, आता ये, गणपती आहेत, मोदक कोण करणार? मला तिच्या बाराव्यालाही थांबू दिलं नाहीत. मी मोदक वळत होते आणि रडत होते. तुम्ही म्हणालात, पारी जाड झालीय."

आनंदीबाई हसल्या. "होय गो. चुकलाच माझा. माफ कर हा माका."

कित्येक वर्षं सुभद्रा या वाक्याची वाट बघत होती. न्हाणीघरात, ओट्याशी, रात्री उशीवर, किती वेळा तिने मनातल्या मनात ते ऐकलं होतं. आता ते खरंच तिच्या कानावर पडलं आणि तिच्या अंगावर काटा आला. कारण ते कोणीच म्हटलेलं नव्हतं.

"नको मला तुमची माफी!" ती ओरडली. "माफी नको! भांडा माझ्याशी! ऐकताय ना?"

"असू दी गो."

"असू दी नाही! तुमचं ते तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण आहे ना, ज्याचं सगळ्या चाळीत कौतुक सांगता? कोणाला आवडत नाही ते! तुम्ही झोपलात की मी ते मोरीत ओतायचे आणि नवं करायचे. सगळे खायचे ते माझं. तुमचे मालकसुद्धा!"

हे साफ खोटं होतं. आनंदीबाईंच्या हातच्या त्या कालवणासाठी चाळीतली माणसं वाटी घेऊन यायची. सुभद्राला खोटं बोलता येत नसे, म्हणून तिने ते डोळे मिटून, किंचाळून सांगितलं.

स्वयंपाकघरात पेला पडला. स्टीलचा पेला, फरशीवर गरगरत गेलेला, बराच वेळ.

आनंदीबाईंचं हसू तसंच होतं. पण आता ते चेहऱ्यावर बसत नव्हतं. एका कोपऱ्यातून सुटलं. ओठ हलले. मग ओठांचा चंबू झाला, डोळे मिटले, आणि त्यांनी असा श्वास ओढला की सुभद्राला वाटलं, संपलं.

दुसऱ्या क्षणाला त्यांनी सकाळचं काडेचिराईत थेट तिच्या साडीवर ओकलं.

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" त्या खोकत खोकत गरजल्या. "माझा कालवण मोरयेत ओतलंस? माझा? आणि ह्या काय पाजलंस माका, विख? मीठ आण! बघतंस काय रांडे, मीठ आण आधी!"

सुभद्रा धावली. रडत, हसत, साडीवरून कडू पाणी ठिबकत. मिठाची बरणी जिथे होती तिथेच होती. तिने मूठभर मीठ नेलं. आनंदीबाईंनी ते जिभेवर टाकून पुन्हा शिव्या द्यायला सुरुवात केली आणि समोर कुशाबांनी दार उघडून विचारलं, "वहिनी, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे भाऊजी!" ती ओरडून म्हणाली. "एकदम ठीक!"

७

बाकीच्या दोघांचं आनंदीबाईंनीच पाहिलं. संध्याकाळी राजेश आला तो दारातच सापडला. "लिफ्टसाठी भांडूक जमणा नाय? बायलमाणूस झालंस काय रे?" जेवण होईपर्यंत राजेश लालबुंद होऊन सेक्रेटरीला फोन लावत होता. मनवाला आजी म्हणाली, "खंय चललंस बंगळूर? तुका धड भात लावता येणा नाय, भुकेन मरशील थंय." मनवाने उशी फेकली, दार आपटलं आणि आतून ओरडली, "जाणार म्हणजे जाणार!" सुभद्राला त्या ओरडण्याने बरं वाटलं आणि मग लगेच वाईटही वाटलं, कारण ती आता खरंच जाणार होती. पण जाऊ दे. जाणारी मनवा तरी असेल.

दुसऱ्या सकाळी पेले भरून ती तिघांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आनंदीबाईंनी सासऱ्यांना शिव्या घातल्या. राजेशने नाक दाबलं. मनवा पेला घेऊन गॅलरीपर्यंत जाऊन परत आली. तिघांची तोंडं अशी वाकडी झाली की सुभद्राला पदरात तोंड लपवून हसावं लागलं.

त्यानंतर तसं काही घडलं नाही. ओटा कोरडा राहतो. तरी दुपारी स्वयंपाकघरात जाण्याआधी सुभद्रा चौकटीशी थांबते आणि एकदा खाकरते. आत कोणी असलंच, तर त्यांना आवरायला वेळ मिळावा म्हणून.

परवा आनंदीबाई विरारच्या लेकीशी फोनवर बोलत होत्या. सुभद्रा चहा ठेवून बाहेर आली तेव्हा तिला आपलं नाव ऐकू आलं.

"... आणि माकाच उलट विचारता," आनंदीबाई सांगत होत्या. "आवस मेली तेव्हा बोलवून घेतला म्हणून. घरात गणपती होतो गो! मी काय करू? गणपतीक उपाशी ठेवू? माझा काय्येक चुकला नाय. आणि पारी जाडच होती. आज विचारलंस तरी सांगान, जाडच होती!"

सुभद्रा भिंतीला टेकून खाली बसली. आत चहाला उकळी आली, तो वर चढला, उतू जाऊन गॅसवर सांडला. तिला वास आला, पण ती उठली नाही. फोन संपेपर्यंत तिने सगळं ऐकलं.